सुपरचार्जरचा बेल्ट ओरडतोय, घसरतोय? नवा बेल्ट सगळ्यात शेवटी टाका

बोनेटखालून किंचाळी आली की बहुतेक जण तडक नवा बेल्ट आणतात, चढवतात, आवाज थांबला की चाक बसवून मोकळे होतात. तीन आठवड्यांनी आवाज परत हजर. मग बेल्ट डुप्लिकेट निघाला असं ठरतं, त्याहून महागडा बेल्ट येतो, आणि महिनाभरात तोही ओरडायला लागतो. पहिला बेल्ट ज्यानं खाल्ला तोच पुढचेही खात असतो. तो सापडेपर्यंत नव्या बेल्टचं पाकीट फोडू नका.

खालची कृती मिनी कूपर एसच्या सुपरचार्जरवाल्या पिढीसाठी आहे: २००२ ते २००६ ची आर५३ हॅचबॅक आणि तेच इंजिन घेऊन २००८ पर्यंत चाललेली आर५२ कन्व्हर्टिबल. १.६ लिटर इंजिन, त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. भारतात मिनी अधिकृतपणे आली २०१२ मध्ये, त्यामुळे इथे या गाड्या मोजक्याच, खासगी आयात केलेल्या. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात मात्र सेकंडहँड बाजारात त्या सहज मिळतात, आणि घरीच पाना हातात घेणारे मराठी लोकही तिकडे बरेच आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या इंजिनावर सहा धारांचा (आतून लांबीभर सहा कंगोरे असलेला) एकच बेल्ट आहे. क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची) त्याला ओढते आणि तो सुपरचार्जर, अल्टरनेटर आणि एसीचा काँप्रेसर फिरवतो. स्टिअरिंगचा पंप विजेवर चालतो, त्याचा बेल्टशी संबंध नाही. पाण्याचा पंप मात्र सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला गिअरनं जोडलेला आहे. म्हणजे बेल्ट तुटला की ताकद आणि चार्जिंग तर जातंच, इंजिनातलं पाणीही फिरायचं थांबतं. "घरापर्यंत हळूहळू नेतो" हा विचार इथे हेड गॅस्केटवर बेततो.

## १. आवाज आधी कानानं ओळखा

चिवचिव, तीही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ठेक्यात: पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा बेल्ट एखाद्या पुलीत तिरका शिरतोय.

लांब किंचाळी, ॲक्सिलरेटर दाबताच किंवा एसी लावताच: बेल्ट घसरतोय. ताण कमी, खाचा गुळगुळीत किंवा तेलकट, नाहीतर कुठलीतरी पुली जड फिरतेय.

घरघर, गुरगुर, बेल्ट ओला असो की कोरडा, तशीच: बेअरिंग. इथे बेल्ट निर्दोष आहे.

खडखड, आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर कमी: टेन्शनरचा (स्प्रिंगनं बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) हात थरथरतोय किंवा क्रँक पुलीचं रबर सुटलंय.

सुपरचार्जरच्या गाडीत आणखी एक भानगड असते. आयडलिंगला बायपास व्हॉल्व्ह (सुपरचार्जरला वळसा घालून हवा सोडणारा) उघडा असतो, सुपरचार्जरवर भार जवळजवळ नसतो, आणि बेल्ट शहाण्यासारखा गप्प बसतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की व्हॉल्व्ह बंद होतो, बूस्ट (दाबलेल्या हवेचा दाब) चढतो आणि त्याच क्षणी सुपरचार्जर फिरवायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून घसरण दिसते ती चार-पाच हजार फेऱ्यांच्या वर: आवाज होतो, जळक्या रबराचा वास येतो, ताकद बसते. फाटकापाशी उभं राहून रेस करून "काही नाही हो, ठीक आहे" म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याला तो आवाज ऐकूच येत नाही.

ताकद कमी आहे, पण आवाज नाही, वास नाही, काळी भुकटीही नाही? मग आधी इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) दोन्ही बाजूंचे रबरी बूट आणि बायपास व्हॉल्व्ह तपासा. बूट निसटला तरी बूस्ट पडतो आणि खापर बेल्टवर फुटतं.

पाण्याची चाचणी. झाडांवर फवारायची बाटली घ्या, साधं पाणी भरा. इंजिन आयडलिंगवर ठेवून बेल्टच्या धारांच्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा. अल्टरनेटर भिजवू नका. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्यांची रेष बिघडली आहे. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. काहीच फरक नाही, तर बेअरिंग. या चाचणीला दोन मिनिटं लागतात, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत.

> सावधान: लांब बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, सुटे केस यांपैकी काहीही चालू बेल्टजवळ नको. फवारा हातभर अंतरावरून मारा.

## २. सामान आधी जमवा

गाडी घोडीवर चढवून मग दुकानात पळायची वेळ येऊ देऊ नका. लागणाऱ्या वस्तू:

- जॅक, दोन घोड्या (ॲक्सल स्टँड), मागच्या चाकांना लावायला ठोकळे
- १७ मिमीचा चाकाचा सॉकेट, टॉर्क रेंच
- या इंजिनाच्या टेन्शनरसाठी मिळणारा खास लीव्हर आणि लॉक करायची पोलादी पिन
- हाताच्या लांबीची सरळ पट्टी, टॉर्च, छोटा आरसा
- नायलॉनचा ब्रश, ब्रेक क्लीनर, फडकी, साबणाचं पाणी
- पांढरा मार्कर

टेन्शनरचा लीव्हर "कशाला विकत घ्यायचा" म्हणून पहारीनं काम भागवणारे खूप. स्प्रिंग चांगलीच दणकट आहे. पहार निसटली की बोटं तरी सापडतात किंवा टेन्शनरचा कान तुटतो. पिनेऐवजी ड्रिलचा बिट घालू नका. बिट कडक असतो, वाकण्याऐवजी काडीसारखा मोडतो.

बेल्ट कुठला? बेल्टवर ६पीके आणि पुढे एक आकडा छापलेला असतो. सहा म्हणजे धारा, पीके म्हणजे दोन धारांमध्ये ३.५६ मिमी अंतर असलेला प्रकार, आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. मूळ पुली असलेल्या आर५३ ला साधारण १३७० मिमीचा बेल्ट लागतो. नेमका आकडा चासी नंबर देऊन पार्ट्सवाल्याकडून काढून घ्या.

खरा घोटाळा होतो तो सेकंडहँड गाडीत. आधीच्या मालकानं बूस्ट वाढवायला सुपरचार्जरवर लहान पुली बसवलेली असते आणि विकताना ते सांगितलेलं नसतं. मूळ पुली सुमारे ६५ मिमी व्यासाची. "१५ टक्के"वाली, म्हणजे तेवढ्या टक्क्यांनी लहान, सुमारे ५५. बेल्टचा साधारण अर्धा वेढा पुलीवर असतो असं धरलं, तर व्यास १० मिमीनं घटल्यावर बेल्ट १५-१६ मिमी लांब पडतो. मूळ लांबीचाच बेल्ट टाकला की टेन्शनर आपल्या हद्दीच्या टोकाशी जाऊन बसतो आणि ताण द्यायला त्याच्यापाशी काही उरत नाही. वर पकडही कमी होते: मोठ्या पुलीवर जिथे सुमारे १०२ मिमी बेल्ट चिकटतो, तिथे लहानीवर ८६. कमी पकड आणि जास्त भार, मग घसरणार नाही तर काय? पुली आधी मोजा, त्याप्रमाणे बेल्ट घ्या. लहान पुलीसाठी अर्धा इंच आखूड बेल्ट मिळतो.

## ३. जागा करा

इंजिन थंड हवं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढच्या उजव्या चाकाचे बोल्ट सैल करा, ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. चाक आणि त्यामागचा प्लास्टिकचा पडदा काढा. पडद्याच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा.

> तपासा: गाडी घोडीवर टेकल्यावर हातानं जोरात हलवून पाहा. डगमगली तर खाली घेऊन पुन्हा चढवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

## ४. बेल्ट जागेवर असतानाच पाहायच्या गोष्टी

हा टप्पा वगळला तर पुढची सगळी मेहनत अंदाजपंचे होते. बेल्ट एकदा काढला की यातलं काही दिसत नाही.

टेन्शनर कुठे उभा आहे? त्याचा हात दोन्ही थांब्यांपासून दूर, मधे असायला हवा. सैल बाजूच्या थांब्याला टेकला असेल तर बेल्ट लांब आहे किंवा झिजलाय. मग मदतनीसाला इंजिन चालू करायला सांगा आणि स्वतः बाजूला उभं राहून हात कसा हलतो ते पाहा. बारीक कंप चालतो. तो डोळ्यांना फडफडताना दिसत असेल तर कंप आवरणारा डॅम्पर गेला. हाताची पुली तिरकी झुकलेली दिसली तर त्याचा बुश झिजलाय. अशा टेन्शनरवर नवा बेल्टही कडेनं चिरत जातो.

क्रँक पुली. या गाडीचं हे सगळ्यात मोठं दुखणं. पुली दोन भागांची आहे: आत हब, बाहेर खाचांचं कडं, मधे रबर. वर्षांनुवर्षं उष्णता आणि तेल खाऊन रबर सुटतं आणि बाहेरचं कडं हबवर गोल घसरतं किंवा हळूहळू बाहेर सरकतं. इंजिन बंद करा, मार्करनं हबपासून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. इंजिन चालू करून चार-पाच वेळा रेस करा, पुन्हा बंद करून रेघ पाहा. दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर पुली बाद. ती बदलल्याशिवाय बेल्टला हात लावू नका. रेघ जागेवर असली तरी रबराला भेगा, बाहेर आलेले फुगवटे, कड्याचं डुलणं दिसलं तरी निकाल तोच.

काळी भुकटी कुठे बसली आहे? ज्या पुलीभोवती जास्त, तिथेच बेल्ट रगडला जातोय.

ओल. टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. तेल खालून वर चढत नाही, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला डाग शोधायचा.

## ५. बेल्ट काढा

मोबाइलवर बेल्टच्या वाटेचे दोन-तीन फोटो घ्या, एक तरी सरळ समोरून. जुना बेल्ट परत लागण्याची शक्यता असेल तर त्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवा.

लीव्हर टेन्शनरवर अडकवा, सावकाश दाबून स्प्रिंग आत घ्या, भोकं समोरासमोर आली की पिन घाला. पिन पूर्ण बसल्याची खात्री झाल्यावरच लीव्हर हळूहळू सोडा. आता बेल्ट हातानं निघतो.

> सावधान: पिन बसली नसताना बोटं टेन्शनर आणि बेल्टच्या मधे नेऊ नका.

आवाज कुठला याबद्दल अजून शंका असेल तर थंड इंजिन बेल्टशिवाय वीस-तीस सेकंद चालवा. आवाज गेला तर तो बेल्टवरच्याच कशाचा तरी होता. तसाच राहिला तर तो इंजिनातला आहे, हा लेख बाजूला ठेवा. तीस सेकंदांपेक्षा जास्त नको: पाणी फिरत नाहीये.

## ६. जुना बेल्ट वाचा

बेल्ट उलटा करून बोटांवर वाकवा आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. धारांच्या उतारांवर काचेसारखी चमक दिसली, अंगठा फिरवल्यावर तो सुळकन सरकला, तर बेल्ट घसरून भाजला गेलाय. चांगल्या बेल्टचा उतार मंद, मातकट दिसतो आणि अंगठा अडतो.

भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा समज जुन्या निओप्रिन बेल्टच्या काळातला. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात: धारा बारीक होतात, खाच खोल आणि रुंद होते, पण भेग एकही नसते. नव्या बेल्टचा तुकडा शेजारी धरला की फरक लगेच कळतो. झिजलेल्या बेल्टची धार पुलीच्या खाचेत तळाला टेकते, उतारांना पकड उरत नाही.

एकाच कडेचे धागे सुटलेत? रेष बिघडलीय. एखादी धार सोलून निघालीय? मागच्या वेळी बेल्ट एक खाच सरकवून बसवला होता. खाचांमध्ये रबराच्या गोळ्या चिकटल्यात? ताण कमी किंवा रेष तिरकी. रबर फुगून मऊ, चिकट झालंय? तेल.

## ७. एकेक पुली हातानं फिरवा

आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी मोकळी पुली) आणि टेन्शनरची पुली. टिचकी मारून फिरवा. एक-दोन फेऱ्यांत शांतपणे थांबली तर ठीक. खरखर जाणवली किंवा बराच वेळ भिरभिरत राहिली तर आतलं ग्रीस संपलंय. जास्त फिरते म्हणजे चांगली, असं समजणारे बरेच फसतात. पुली पुढे-मागे डोलवूनही पाहा, खुळखुळ नको.

अल्टरनेटर. गुळगुळीत, हलक्या अडथळ्यानं फिरायला हवा.

एसीचा काँप्रेसर. क्लच सुटलेला असताना फक्त बाहेरची पुली फिरते, तिचं बेअरिंग तपासा. आवाज एसी लावल्यावरच येत असेल तर काँप्रेसर जड झालाय.

सुपरचार्जर. हातानं फिरवताना रोटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरतात, म्हणून तो जरा जड वाटणं साहजिक आहे. फेरी मात्र एकसारखी हवी. एकाच जागी अडला, पुलीचा शाफ्ट वर-खाली हलला किंवा खरखरला तर पुढचं बेअरिंग गेलंय. मागून गिअर कुरकुरल्यासारखा आवाज आला तर पंपाच्या गिअरचं तेल आटलंय. हे तेल बदलायचं वेळापत्रक कंपनीनं दिलेलं नाही, त्यामुळे बहुतेक गाड्यांत ते जन्मापासूनचं असतं. त्याची दुरुस्ती सुपरचार्जर उतरवून करायची. नव्या बेल्टनं ते दुखणं झाकलं जातं एवढंच.

रेष. सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून सुपरचार्जर पुलीकडे न्या. पुलीच्या कडांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून कडेऐवजी पहिल्या खाचेपासून मोजा. २० सेंमी अंतरात १ मिमीपर्यंत फरक खपतो. त्याहून जास्त निघाला आणि सुपरचार्जरवर बाहेरची लहान पुली असेल तर ती शाफ्टवर कमी किंवा जास्त खोल दाबली गेलीय. ही पुली दाबून बसवलेली असते. ती योग्य पुलरनंच काढा-बसवा. हातोडीचा एक ठोका थेट बेअरिंगला जातो.

## ८. गळती थांबवा, मग खाचा साफ करा

क्रम उलटा करू नका. गळती चालू ठेवून केलेली सफाई आठवडाभर पुरते.

आर५३ मध्ये तेल येण्याच्या ठरलेल्या जागा: व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, क्रँक सेन्सरची ओ-रिंग, क्रँकचं पुढचं ऑइल सील. उजव्या बाजूचं इंजिन माउंटही द्रव भरलेलं आहे. ते फुटलं की तो द्रव खाली ओघळतो आणि लोक इंजिन ऑइल समजून भलतीच सीलं बदलत बसतात. माउंट बसल्यानं इंजिन जास्त हलतं ते वेगळंच.

(पुण्यात जुळवलेल्या, सुपरचार्जर असलेल्या जुन्या मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरवाल्यांसाठी: तुमच्याकडे कॅमशाफ्टच्या तोंडाशी असलेले मॅग्नेट आधी पाहा. तिथून पाझरलेलं तेल बेल्टच्या बाजूला उतरतं.)

सफाई करताना फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन प्रत्येक खाच पुसा, नायलॉन ब्रशनं तळातली काळी पुटं काढा. कूलंट सांडलं असेल तर आधी साबणाचं पाणी. सँडपेपर, तारेचा ब्रश नको: ओरखडलेली खाच नव्या बेल्टला किसणीसारखी खाते. ब्रेक क्लीनर क्रँक पुलीच्या रबरावर किंवा माउंटवर फवारू नका.

आणि आपले गावठी उपाय. बेल्टवर साबणाची वडी घासणं, पावडर टाकणं, डब्ल्यूडी-४० मारणं, बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे: सगळ्यांनी आवाज थांबतो, घसरण थांबत नाही. ड्रेसिंगचा चिकटपणा धूळ ओढतो, दोन आठवड्यांत खाचेत लेप बसतो. असा बेल्ट धुऊन वापरात आणायच्या भानगडीत पडू नका, फेका.

## ९. आता नवा बेल्ट

धारा खाचांच्या पुल्यांवर, सपाट पाठ गुळगुळीत पुल्यांवर. फोटो समोर ठेवून क्रँकपासून सुरुवात करा आणि हात सहज पोचेल अशा गुळगुळीत पुलीवर शेवट. चढवताना पक्कड, स्क्रूड्रायव्हर लावायची वेळ आली तर वाट चुकली आहे किंवा लांबी. बेल्ट पिळू नका, उलट्या बाजूनं घडी घालू नका. आतले धागे दुखावतात.

पिन काढण्याआधी प्रत्येक पुलीवर दोन्ही कडांना बोट फिरवा: बाहेर लोंबणारी धार नको, रिकामी राहिलेली खाच नको. सुपरचार्जरच्या पुलीपाशी आरसा लावा; एक खाच सरकण्याची चूक नेमकी तिथेच होते, कारण वरून बघताना डोळा फसतो.

लीव्हर दाबून पिन काढा, टेन्शनर हळूहळू सोडा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि पुलीच्या बाजूनं पाहताना घड्याळाच्या दिशेनं दोन पूर्ण फेऱ्या हातानं फिरवा. पुन्हा सगळ्या खाचा तपासा.

> तपासा: टेन्शनरचा हात आता दोन्ही थांब्यांच्या मधे आहे ना? नसेल तर बेल्टची लांबी चुकली. "चालेल" म्हणून पुढे जाऊ नका.

## १०. चाचणी

हत्यारं मोजून बाहेर काढा. चाक बसवण्याआधीच इंजिन दोन मिनिटं चालवा: बेल्ट प्रत्येक पुलीच्या मधोमध धावतोय का, टेन्शनर शांत आहे का, बॅटरीचा दिवा विझला का. एसी लावा, दिवे लावा. पाण्याची चाचणी पुन्हा करा. आता काहीच बदल व्हायला नको.

पडदा आणि चाक बसवा. बोल्ट १२ मिमी आट्याचे असतील तर १२० न्यूटन-मीटर, शेवटच्या गाड्यांतल्या १४ मिमीच्या बोल्टना १४०.

इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वर न्या. ताकद एकसारखी चढायला हवी, वरच्या टोकाला बसायला नको. परत येऊन बोनेट उघडा आणि वास घ्या.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा एकदा पाहा: भुकटी, टेन्शनरची जागा, क्रँक पुलीवरची पांढरी रेघ. रेघ पुसू नका. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला ती दहा सेकंदांत पाहून होते.